आटली हा शब्द माझा

माझ्या धंद्यात शब्दाचा कीस काढतात. मी नीतिशास्त्र शिकवतो आणि त्याच्या जोडीला जीवशास्त्राचे तत्त्वज्ञान. दुसऱ्या विषयाचे नाव ऐकले की लोकांना वाटते, हा माणूस बेडूक कापत असावा. मी बेडूक कापत नाही. जे कापतात त्यांना मी विचारतो, की रक्त ढकलणे हे हृदयाचे ‘काम’ आहे असे तुम्ही म्हणता, तर ते काम त्याला नेमून दिले कुणी? बांबूचे एक बेट म्हणजे एक झाड की शंभर? आणि एखादी वस्तू जिवंत आहे असे तुम्ही कशावरून म्हणता? ते चिडतात, मी लेख लिहितो. अशी सव्वीस वर्षे गेली.

यातल्या शेवटच्या प्रश्नावर माझे थोडेफार नाव झाले. आणि त्याच प्रश्नाला मी दिलेल्या उत्तराने आमच्या वाड्यावरची खालची झर मेली. हे वाक्य माझ्याच व्याख्येप्रमाणे चूक आहे, कारण त्या व्याख्येप्रमाणे झर मरू शकत नाही. तरी मी ते खोडणार नाही. खोडाखोड करून मी काय मिळवले ते पुढे सांगतोच.

आमचे घर डिचोली तालुक्यात, शिरगावच्या जत्रेला चालत जावे इतक्या अंतरावर. वाडा म्हणजे आमच्याकडे दहा-बारा घरांची वस्ती. मागे डोंगर आणि पायथ्याशी कुळागरे. पोफळी, माड, केळी, मिरवेली, पानवेली सगळे एकमेकांच्या सावलीत वाढते, आणि ते जगते वाहत्या पाण्यावर. हे पाणी दोन झरींचे. वरची झर लहान, खडकाच्या फटीतून येणारी. तिच्यावर फक्त आमचे कुळागर. खालची मोठी, चिऱ्यांनी बांधून काढलेली. तिच्यावर सगळ्या वाड्याची बागायत आणि पिण्याचे पाणीही. मी सोळाव्या वर्षी शिकायला बाहेर पडलो तो पडलोच. आता वास्कोला राहतो. बायकोची नोकरी तिथे. गॅलरीतून बंदर दिसते आणि खनिज भरून घेणारी जहाजे दिसतात. ते खनिज कुठल्या डोंगराचे, हा विचार मी बरीच वर्षे केला नाही. नीतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने तो करायला हवा होता.

कुळागर राखले माझ्या थोरल्या भावाने. मी त्याला दादा म्हणतो. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, शाळा सातवीपर्यंत, बोलणे मोजके. माझा पहिला बरा लेख त्याच्याच एका वाक्यावर उभा आहे. सुट्टीत घरी गेलो होतो, तो पानवेलीचे तुकडे करून नव्या पोफळींच्या बुंध्याशी लावत होता. मी विचारले, ही वेल किती जुनी? तो म्हणाला, “आजोबानी लायली ती.” मी म्हटले, “अरे, ती कधीच गेली. ही तू आज लावतोस.” तो हसला. “तुकडो तिचोच ना? मग ही तीच.”

परत आल्यावर मी या ‘तीच’वर चाळीस पाने लिहिली. एक जीव म्हणजे नेमका किती, तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो. लेख परदेशात छापून आला. दादाला दाखवला तेव्हा त्याने तो हातात धरून वजन पाहिल्यासारखे केले. “वेलीर येवढा लिवलंस? मी खोबरा किसतंय, तू शब्द कीस.” मलाही हसू आले होते. तेव्हा आमच्यात अशी थट्टा चालायची.

पुढच्या लेखात मी जिवंतपणाची व्याख्या केली. जे स्वतःच स्वतःला राखते ते जिवंत. पेशी स्वतःला राखते, बेडूक राखतो, पानवेल राखते. नदी, ज्योत, ढग, झर यांना आकार असतो, हालचाल असते, पण ती स्वतःला राखत नाहीत. पाणी येते आणि जाते एवढेच. म्हणून त्यांना हित नाही, इजा नाही आणि मरणही नाही. झर बिघडली तर इजा होते ती पाणी पिणाऱ्यांना. हा युक्तिवाद आजही मला वर्गात कुणी मोडून दाखवलेला नाही. मुले फळ्याकडे बघतात आणि लिहून घेतात.

आता गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवे. आमच्या भागात देवापुढे, राखणदारापुढे गाऱ्हाणे घालतात. राखणदार म्हणजे जागेचा रक्षक. झरीला असतो, बांधाला असतो, डोंगरालाही असतो. भात कापून झाले की एका सकाळी सगळा वाडा खालच्या झरीकडे जमतो. तांदळाच्या पिठाचा जाड रोट ठेवतात, नारळ ठेवतात आणि एक माणूस उभा राहून मोठ्याने बोलतो. सालभर काय झाले ते सांगतो, काय हवे ते मागतो, काय चुकले ते कबूल करतो. प्रत्येक वाक्यामागे बाकीचे सगळे एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” बोलणारा एकच असतो, पण त्या होकाराने ते बोलणे सगळ्यांचे होते. आमच्या वाड्यावर वडिलांनंतर दादा गाऱ्हाणे घालू लागला.

मी त्याला पोरवयात एकदा विचारले होते, की बोलणारा खोटे बोलला तर? तरीही ‘व्हय’च म्हणायचे?

“पटला नाय तर गप रवाचा,” तो म्हणाला. “व्हय कोण म्हणता आणि कोण नाय ता सगळ्यांक आयकाक येता.”

पुढे मोठा झाल्यावर मी हात मागे बांधून कडेला उभा राहू लागलो. जिथे ऐकणारा कुणी नाही तिथे बोलणे हा माझ्या दृष्टीने व्याकरणाचा घोटाळा होता. मी गप्प राहायचो. दादा माझ्याकडे एकदा बघायचा आणि पुढचे वाक्य घ्यायचा.

डोंगराच्या पलीकडे खाण होती. मधली काही वर्षे ती बंद होती, मग परत सुरू झाली. खड्डा झरींच्या पातळीच्याही खाली गेला, आणि खड्ड्यात शिरलेले पाणी पंपांनी उपसून ओहोळात सोडू लागले. लाल, दाट पाणी. एका वर्षी शिमग्याच्या आधीच वरची झर थांबली. पाऊस आला तरी ती आली नाही. दुसरा पाऊस आला, तरी खडकाची फट कोरडी. आमच्या कुळागराच्या वरच्या अंगाची पानवेल गेली, मग केळी. खालची झर मात्र वाहत होती. आणि त्याच वर्षी खाण आणखी खाली, आणखी आमच्या बाजूला वाढवायची परवानगी मागितली गेली. ती मिळाली तर खालची झरही जाणार, हे वाड्यावर प्रत्येकाला कळत होते. म्हणजे प्रश्न एकच होता. वरच्या झरीचे जे झाले ते कायमचे झाले असे कागदावर आले तर परवानगी अडणार होती. खालची झर त्यावर टिकून होती.

जनसुनावणी शाळेच्या मैदानात झाली. मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, टेबलामागे अधिकारी. मी वास्कोहून सरकारी बसने आलो आणि मागच्या रांगेत बसलो. दादाचे नाव पुकारले. तो पुढे गेला, चपला काढल्या, हात जोडले आणि त्याने गाऱ्हाणे घातले.

त्याला सरकारपुढे बोलण्याची दुसरी रीत माहीत नव्हती. “बा म्हाराजा,” त्याने सुरुवात केली, “आज आमी तुज्या दारात इलाव. आमची वरची झर मेली.” आणि मांडवात बसलेल्या साऱ्या वाड्याने म्हटले, “व्हय म्हाराजा!” ध्वनिक्षेपकातून ते असे घुमले की टेबलावरचा एक तरुण अधिकारी दचकला, आणि मग तोंडावर हात ठेवून हसला. “तिची वाट खालसून तोडली. ती आता येवची नाय.” “व्हय म्हाराजा!” “आता खालची तरी राख.” “व्हय म्हाराजा!”

मला लाज वाटली. हे लिहायला जड जाते, पण तसेच झाले. मला वाटले, पुरावा मागणाऱ्या लोकांपुढे हा देवळातली भाषा बोलतो आहे आणि आपणच आपले हसे करून घेतो आहे. मी मान खाली घालून बसलो. मी ‘व्हय’ म्हटले नाही.

सुनावणीनंतर चार जणांची समिती नेमली गेली. भूगर्भाचा एक, जंगलाचा एक, महसुलातला एक निवृत्त अधिकारी अध्यक्ष, आणि चौथा नीतीचा माणूस हवा म्हणून मी. मी अध्यक्षांना स्पष्ट सांगितले की ते माझेच गाव, साक्ष दिलेला माणूस माझा भाऊ. ते म्हणाले, “मग तर फारच बरे. भाषा तुम्हाला कळते. त्यांच्या साक्षीचा मसुदा तुम्हीच करा.” मला मनातून आनंद झाला. वाटले, शिकल्याचा घराला एकदा तरी उपयोग होईल.

मी तो मसुदा आधी मराठीत, मग इंग्रजीत, असा तीन दिवस घासला. ‘बा म्हाराजा’ काढले. होकार काढले. मग ‘झर मेली’पाशी अडलो. हा शब्द मला चालेना. माझ्या स्वतःच्या लेखाविरुद्ध जाणारा शब्द मी सही करून कसा पाठवू? शिवाय मला खरोखर वाटत होते की असा भावनेचा शब्द पाहून समिती साक्षच बाजूला ठेवील. म्हणून मी ‘मेली’ खोडले आणि ‘आटली’ लिहिले. ‘तिची वाट तोडली’ याचेही मी ‘पाण्याच्या मार्गात अडथळा’ करून टाकले. ‘येवची नाय’ हे त्याचे अनुमान आहे, साक्ष नव्हे, असे ठरवून तेही गाळले. आणि एवढ्यावर न थांबता तळटीप घातली. मरण हे फक्त सजीवाला लागू पडते. झरीबाबत आटणे हा शब्द योग्य, कारण आटणे ही अवस्था आहे आणि अवस्था बदलू शकते. या टिपेचा मला अभिमान वाटला होता. मी विचार केला होता की ‘बदलू शकते’ म्हटले म्हणजे झर परत आणण्याची जबाबदारी खाणीवर टाकता येईल.

मसुद्यावर दादाची सही हवी होती. मी घरी गेलो, तो पोफळीवरून उतरला, हात पुसले. “काय लिवलंस?” त्याने विचारले. मी म्हटले, “तुझेच बोलणे, जरा नीट करून.” वाचून दाखवू का, असे मी विचारले नाही. मसुदा इंग्रजीत होता, आणि बसची वेळ झाली होती. त्याने सही केली. माझ्या कागदावर त्याने कधीच वाचून सही केली नव्हती; माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरही नाही.

अहवाल पावसाळ्यानंतर आला; निष्कर्ष अध्यक्षांनी लिहिले होते, माझ्याकडून फक्त साक्षीचा मसुदा घेतला होता. पंचायतीत वाचून दाखवला गेला, तोही मराठीत भाषांतर करून. मी नव्हतो, वहिनीने नंतर सांगितले. सचिवाने वाचले, की साक्षीदाराच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार वरची झर आटलेली आहे. समितीच्या तज्ज्ञ सदस्याच्या मते ही अवस्था बदलू शकणारी आहे. सबब भरून न येणारी हानी सिद्ध होत नाही. परवानगी द्यावी. उन्हाळ्यात टँकर द्यावा. दादा उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, “माज्या तोंडात ह्यो शब्द कोणी घातलो?” सचिवाने कागद उलटसुलट केले आणि सांगितले, खाली तुमची सही आहे.

पुढच्याच रविवारी मी गेलो. दादा कुळागरात होता, खालच्या झरीचे पाणी आणणाऱ्या पाटातला कचरा काढत होता. मी पाटाच्या कडेला उभा राहून बोलत सुटलो. शब्द का बदलला, समिती कशी असते, ‘मेली’ म्हटले असते तर काय झाले असते, माझा हेतू काय होता. वर्गात बोलतो तसे मुद्दे मांडून बोललो. तो कचरा काढत राहिला. माझे संपल्यावर त्याने हात धुतले.

“उन्हाळ्यात झर बारीक होता, तेका आमी काय म्हणताव?” त्याने विचारले.

“निजली,” मी म्हटले. हे मला आठवत होते.

“आणि पाऊस कमी झालो, एक साल आली नाय, मग?”

“आटली.”

“गायचा दूद आटता. गाय परत व्याली की परत येता.” तो थांबला. “आणि मेली कधी म्हणताव?”

याचे उत्तर त्यानेच दिले.

“खालचो चिकणीचो थर फुटलो, पाण्यान वाट बदलली, की मेली. मग कितीय पाऊस पडांदे. बापायन माका तीन शब्द शिकयले ते. तीन वेगळे. मी त्यातलो एक इचारून, बघून, दोन पावसाळे रावन सांगितलंय.” त्याचा आवाज चढला नव्हता. “तू तो काडलंस आणि दुसरो घातलंस.”

मी तिथेच चिऱ्यावर बसलो. लहानपणी हे तिन्ही शब्द मी रोज ऐकले होते. मला वाटे, हे बोलण्यातले लाड आहेत, झरीला बाईमाणूस समजून बोलतात तसे. इतकी वर्षे मी मुलांना शिकवत होतो की संज्ञा नेमकी वापरा. आणि त्या मांडवात नेमकी संज्ञा वापरणारा माणूस एकच होता, चपला काढून उभा असलेला. अघळपघळ मी होतो. त्याच्या ‘मेली’त भूगर्भ होता, कारण होते, भाकीत होते. माझ्या ‘आटली’त माझा लेख होता.

“दुरुस्ती करतो,” मी म्हणालो. “मी पत्र लिहितो.”

“लिव,” दादा म्हणाला.

मी लिहिले. अध्यक्षांना, खात्याला, परत अध्यक्षांना. मसुदा माझा आहे, चूक माझी आहे, साक्षीदाराने वापरलेल्या शब्दाचा स्थानिक अर्थ असा असा आहे. उत्तर आले की अहवाल स्वीकारला गेला आहे, सुनावणी संपलेली आहे, आणि साक्ष बदलायची असेल तर ती साक्षीदारानेच पूर्वी खोटी दिली असे लिहून द्यावे लागेल. म्हणजे माझा शब्द खोडायला दादाने स्वतःला खोटे ठरवायचे. हे मी त्याला सांगितलेही नाही. अध्यक्षांनी फोनवर समजूत घातली. “तुमची ती टीप फार स्वच्छ होती हो. आम्हाला निर्णयाला तिचाच आधार झाला.”

खड्डा आमच्या बाजूला आला. दिवसभर पंपांचा आवाज. दुसऱ्या उन्हाळ्यात खालची झर निजली. आम्ही निजलीच म्हणत होतो. पाऊस आला, ती थोडी उठली, घागर भरायला अर्धा तास लागावा इतकी. श्रावणात वहिनी सकाळी गेली आणि रिकामी घागर घेऊन आली. मी तेव्हा घरी होतो. तिने घागर पडवीत ठेवली आणि मला म्हणाली, “भावजीनु, आता हेका काय म्हणाचा ता तुमीच सांगा.” ती इब्रामपूरची, बोलायला फटकळ, पण त्यात टोमणा नव्हता. तिला खरेच कळत नव्हते की आता कुठला शब्द उच्चारायची परवानगी आहे. मी आत जाऊन बसलो.

दादाने वर्षभर काहीच म्हटले नाही. दुसरा पाऊस जाऊ दिला. त्याची तीच रीत होती. मग एका संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, “मेली.” वहिनीने देवापुढचा दिवा लावला.

टँकर येतो. कधी येतो, कधी नाही. पिण्यापुरते होते, कुळागर टँकरवर जगत नाही. पोफळी वरून मरतात. शेंडा पिवळा पडतो, झुकतो, आणि एक दिवस नुसता खांब उरतो. आता आमच्या बागेत बरेच खांब आहेत. आजोबांच्या पानवेलीचा एक तुकडा माझ्या वास्कोच्या गॅलरीत कुंडीत आहे. माझ्या त्या पहिल्या लेखाप्रमाणे ती वेल गेलेली नाही, कारण ही तीच आहे. मी तिला रोज नळाचे पाणी घालतो आणि माझ्या लेखावर माझा काडीचा विश्वास बसत नाही.

वर्गात मी अजून जातो. व्याख्या फळ्यावर लिहिताना हात मध्येच थांबतो. जे स्वतःला राखते ते जिवंत, ठीक. झर स्वतःला राखत नाही, तिला दुसऱ्याने राखावे लागते, हेही ठीक. यावरून तिला मरण नाही असे निघते की तिला राखण्याची जबाबदारी आपली होती असे निघते? हा प्रश्न मी स्वतःला ती व्याख्या लिहितानाच विचारायला हवा होता. आता उत्तर मिळूनही त्याचा कुणाला उपयोग नाही.

मागच्या वर्षी भात म्हणावे असे झालेच नाही, पण तिथी आली. वाड्यावरच्या लोकांनी दादाला विचारले, गाऱ्हाणे कधी? तो म्हणाला, “मी घालूचंय नाय. माजा बोलणा मदीच बदलता. देवाक काय पोचता, माका म्हायत नाय.” लोक मग माझ्याकडे आले. तुम्ही शिकलेले, त्याच घरचे, तुम्ही घाला. मी नाही म्हणणार होतो. हात मागे बांधून उभे राहणाऱ्याने काय गाऱ्हाणे घालायचे? पण वहिनी रोट थापायला बसली होती, आणि पीठ मळता मळता म्हणाली, “घाला. कोणी तरी तेका खरा काय ता सांगाक होया.”

सकाळी नऊचा सुमार. खालच्या झरीचे चिरे पांढरे पडले होते, मधल्या खळग्यात सुकी पाने. रोट ठेवला, नारळ ठेवला. तीसेक माणसे मागे उभी होती. दादा सर्वांत मागे, फणसाला टेकून. मी चपला काढल्या. हात जोडले. मला काय वाटले ते सांगतो. ऐकणारा कुणी नाही हे माझे मत तेव्हाही बदललेले नव्हते. पण मागे उभे असलेले ऐकत होते, आणि त्यांच्यात दादा होता.

“बा म्हाराजा,” मी म्हटले. “सालाबादप्रमाणे आमी तुज्यापुडे उभे आसाव.”

“व्हय म्हाराजा,” लोक म्हणाले. दादा गप्प होता. मी त्याचा आवाज ओळखतो.

“वरची झर मेली.”

“व्हय म्हाराजा.” तो अजूनही गप्प.

“खालचीय मेली.”

“व्हय म्हाराजा.”

यापुढे मागणे असते. पाणी दे, पीक दे, पोराबाळांना सांभाळ. मला मागण्यासारखे काही सुचले नाही. मी म्हटले, “माज्या भावान खरो शब्द सांगितल्यान. तो मी बदललंय. खालची झर माज्या शब्दान मेली.”

लोकांना कळेना, यावर होकार द्यायचा की नाही. पंपांचा आवाज येत होता. आणि मी, जो आयुष्यभर तिथे गप्प उभा राहिलो, मी मनातून भीक मागत होतो, की दादाने गप्प राहावे. पटला नाय तर गप रवाचा. एवढेच. तो गप्प राहिला असता तर मी पुढे कसाही जगलो असतो.

तो फणसापासून सरळ झाला असावा, पाला वाजला. मग मागून सगळ्यांच्या आधी, एकट्याचा, गाऱ्हाण्यात लावायचा तसा स्वच्छ आवाज आला.

“व्हय म्हाराजा.”